गावच्या सांडपाण्याच्या कामाला सरकारी निधी कसा मिळवावा

‘प्रस्ताव झकास लिहा, निधी आपोआप येतो’ असं सांगणारे पायलीचे पन्नास भेटतात. प्रस्तावाच्या भाषेवर सांडपाण्याचं काम मार्गी लागलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. मंजूर झालेली कामं मात्र जागेच्या कागदावाचून वर्षानुवर्षं अडलेली पाहिली आहेत, आणि तेवढी वर्षं त्या गल्लीतल्या बायका गटारावरच्या फरशीवरून उड्या मारत पाणी भरतात. म्हणून या लेखात जागेवरच जास्त बोलणार आहे.

आधी पैशाचा हिशेब. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाणी व्यवस्थापनासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत, तर त्याहून मोठ्या गावाला माणशी 660 रुपयांपर्यंत तरतूद आहे. यातले 70 टक्के मिशनमधून येतात. उरलेले 30 टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. 2,400 वस्तीच्या गावाचे होतात 6,72,000 रुपये, त्यात पंचायतीचा वाटा 2,01,600. हा वाटा ग्रामपंचायत विकास आराखड्यात त्याच कामासमोर दाखवलेला हवा. 15 व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्च करायचा, असा ठेवला, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. आयोग बदलला की प्रमाण बदलू शकतं, तेव्हा चालू वर्षाचं पत्र पंचायत समितीतून मागून घ्या.

ग्रामसभेत ठराव घ्या. गणपूर्ती म्हणजे 15 टक्के मतदार किंवा 100, यांतला कमी आकडा. त्याआधीची महिला सभा कागदोपत्री उरकू नका. कुठल्या बोळात पाणी तुंबतं आणि कुणाच्या न्हाणीचं पाणी कुणाच्या दारात जातं, हे तिथे दहा मिनिटांत कळतं.

मग पाण्याचं माप काढा. माणशी 55 लिटर नळाचं पाणी धरलं तर 2,400 लोकांना 1,32,000 लिटर लागतं आणि त्यातलं साधारण दोन तृतीयांश सांडपाणी होतं. म्हणजे रोज ऐंशी-नव्वद हजार लिटर. हे सगळं पाइपातून गावाबाहेर नेण्याचा मोह होतो, कारण मोठं काम ठेकेदारालाही आवडतं. माझं मत ठाम आहे: ज्या घराला अंगण आहे, त्याचं पाणी त्याच्याच शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, जिरवा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने हे करून दाखवलं आहे. काळ्या चिकट जमिनीत मात्र आधी चाचणीचा खड्डा खणा, त्यात पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी किती उरलंय ते बघा. पाणी तसंच उभं असेल तर तिथे शोषखड्ड्याचा नाद सोडा. जेवढं पाणी घरी जिरेल तेवढी बाहेर जागा कमी लागेल, आणि खरी लढाई जागेचीच आहे.

पाणी उताराने जातं, म्हणून स्थिरीकरण तळ्याची (सांडपाणी साठवून शुद्ध होऊ देणाऱ्या तळ्याची) जागा तुम्ही निवडत नाही, ती गावाचा उतार निवडतो. खालच्या अंगाला बहुतेक वेळा गायरान असतं, नाहीतर कुणाचं तरी शेत.

गायरान असेल तर ‘ते आपलंच’ हा समज काढून टाका. मालकी शासनाची असते. तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करा आणि आदेश हातात येईपर्यंत जेसीबी बोलावू नका.

खाजगी जागेत याहून जपून चाला. स्टँप पेपरवर ‘माझी हरकत नाही’ लिहून नोटरी केली की भागतं, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. संमतीपत्राने मालकी बदलत नाही. एका गावात आजोबांनी आनंदाने दोन गुंठे दिले, पाइप बांधापर्यंत आला आणि आजोबा वारले. मुलांनी कुंपण घातलं. तेव्हापासून अख्ख्या गावाचं पाणी त्या बांधाशी साचून रस्त्यावर येतं, आणि पंचायतीकडे दाखवायला सहीचा एक कागद आहे, ज्याला कोर्टात कुणी विचारत नाही.

दान असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्रच करा, दोन साक्षीदारांसह. त्याआधी सातबारा ओळीओळीने वाचा. सामाईक खातं असेल तर प्रत्येक खातेदाराची सही हवी, लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणीचीसुद्धा. ‘तिने हक्क सोडलाय’ असं घरचे म्हणतील, तर त्याचा मंजूर फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची महसुली नोंद, मागा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा दिसला तर आधी त्यांचा दाखला घ्या. भोगवटादार वर्ग-2 जमीन (परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी) असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. दोन-चार गुंठ्यांच्या तुकड्याला तुकडेबंदीची, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे करू न देणाऱ्या कायद्याची, अडचण येते का, हे दस्ताआधी तहसील कार्यालयात लेखी विचारा. दस्त झाला की थांबू नका. ग्रामपंचायतीच्या नावाचा फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हाती आला पाहिजे. मग भूमी अभिलेखची मोजणी, ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा), आणि त्याच दिवशी चारही कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब. चुन्याची फक्की पहिल्या पावसात जाते आणि भांडण उभं राहतं.

यात महिने जातात, लोक कुरकुरतात, सरपंचांवर दबाव येतो. तरी सातबारा होईपर्यंत ठेकेदाराला कार्यारंभ आदेश (काम सुरू करण्याचा आदेश) देऊ नका.

पुढचं सोपं आहे. शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा. पाइप मातीखाली जाण्याआधी त्याचे फोटो घ्या आणि माप मोजमाप पुस्तिकेत चढवून घ्या. काम संपताच उपयोगिता प्रमाणपत्र (निधी त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला) द्या, ते रखडलं की पुढचा हप्ता रखडतो. गाळ अडवणारी टाकी पावसाळ्याआधी आणि नंतर उपसायची असते. त्या मजुरीची रक्कम पुढच्या वर्षीच्या आराखड्यात आत्ताच घाला.