अमेरिकेत ऑफिस जॉईन करताय? आधी बेसबॉल बघा

बँक, लायसन्स, भाड्याचं घर हे सगळं तुम्हाला कोणीही सांगेल. मीटिंगमधलं इंग्लिश मात्र कोणी सांगत नाही आणि आपली हुशार मुलं तिथेच अडकतात, कारण त्यात बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल ठासून भरलेलं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं 'पंट'. फुटबॉलमध्ये 10 यार्ड पुढे सरकायला चार चान्स मिळतात, तीन फुकट गेले की बहुतेक टीम चौथ्यात रिस्क घेत नाहीत, बॉल लांब लाथाडून समोरच्यांना देऊन टाकतात. मॅनेजर 'लेट्स पंट ऑन धिस' म्हणाला की समजायचं, हे काम आत्ता सोडा. आमच्याकडे पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका मुलाला वाटलं जोर लावून मारायला सांगतायत, त्याने शनिवार-रविवार बसून तेच काम केलं आणि ज्याची क्लायंट वाट बघत होता ते राहून गेलं, शेवटी त्याला प्रोजेक्टवरून काढलं. फार जीव तुटला त्याच्यासाठी. परत सांगतो, पंट म्हणजे थांबा! शंका आली तर मीटिंगमध्येच विचारा, 'सो वी आर नॉट डुइंग इट नाऊ?' आणि लंडनच्या मित्राला विचारू नका, तिकडे पंट म्हणजे जुगार.

'बॉलपार्क' म्हणजे ढोबळ अंदाजाचा आकडा मागितला की आपले लोक एकच आकडा सांगतात आणि मग तोच मानगुटीवर बसतो. 'दोन ते तीन आठवडे' असं सांगा आणि वर मेल टाका.

'रेन चेक' म्हणजे पावसाने मॅच धुतली तर तेच तिकीट पुढच्या मॅचला चालायचं, ही 1880 च्या दशकातली पद्धत. जेवायला बोलावल्यावर कोणी हे म्हणालं तर बऱ्याचदा तो गोड नकार असतो, पुढची तारीख विचारत मागे लागू नका.

'टच बेस' म्हणजे पाच मिनिटं बोलू, रिपोर्ट बनवू नका.

क्रिकेट डोक्यातून काढा. आपल्याकडे स्ट्राइक मिळाली की बॅट्समन खूश, इथे तीन स्ट्राइक म्हणजे आऊट. 'गुगली', 'बॅकफूटवर' हे इथल्यांना कळत नाही.

वर्षानुवर्षं इथे राहून एकही गेम न बघितलेले, कॅन्टीनमध्ये आपल्याच टेबलावर बसणारे आणि मीटिंगमध्ये नुसत्या माना डोलावणारे आपले लोक मला अजिबात पटत नाहीत. वसंतात शनिवारी सकाळी जवळच्या पार्कात लहान मुलांच्या लिटल लीगच्या मॅच असतात, तिथे पालकांशेजारी बसा आणि बिनधास्त विचारा, लोक हौसेने समजावतात. फेब्रुवारीत सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलला, कोणी घरी बोलावलं तर नक्की जा, दुसऱ्या दिवशी ऑफिसात जो तो सांगत असतो कुठला पास द्यायला नको होता, त्यांनाच 'मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक' म्हणतात (क्वार्टरबॅक म्हणजे टीममध्ये पास देणारा मुख्य खेळाडू).