पोट्टं ऐकत नाही, खोलीचा उकिरडा झालाय? मग या चुका टाळा

नागपूरच्या मानेवाड्यात घरीच पाचवी ते सातवीच्या ट्युशन घेते मी. पोरांना सोडायला येणाऱ्या आयांचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं एकच, "मॅडम, तुमचं ऐकतो, आमचं काहून ऐकत नाही?" बाप्पा, ऐकतो कारण मी त्याला सात वेळा हाका मारत नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच, किचनमधून ओरडणं. इकडे कुकरची शिट्टी, तिकडे हॉलमध्ये टीव्ही, उन्हाळ्यात वरून कुलरची घरघर, अन् त्यातून तुम्ही बोंबलताय "अरे तो टॉवेल उचल". पहिल्या हाकेला काही होत नाही, चौथीला काही होत नाही, सहावी-सातवीला आवाज फाटतो अन् बाबा चप्पल शोधत येतात, तेव्हा कुठे खरं उठायचं असतं, हे त्याला पक्कं माहीत आहे, मग तो पहिल्या हाकेला कशाला उठेल? कान ठणठणीत आहेत त्याचे. माझी सवय सांगते, गॅस बारीक करायचा, त्याच्यापाशी जायचं, नाव घ्यायचं, तो मान वर करेपर्यंत गप्प राहायचं. मग एकच वाक्य बोलायचं अन् तो उठेपर्यंत तिथून हलायचं नाही. पहिले काही दिवस फार विचित्र वाटतं, तो पण "काय झालं?" करत बघतो. "एवढा टाइम कोणाजवळ आहे मॅडम" म्हणणाऱ्या आयांना मी विचारते, सात हाका मारायला टाइम कुठून येतो?

"खोली आवर" म्हणणं पण सोडा. प्लॅनिंग करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, अकरा वर्षाच्या पोराला त्या ढिगात सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही, एक मोजा हातात घेऊन बसून राहतो. कप बेसिनमध्ये. झालं? आता ओला टॉवेल दोरीवर. मग मोजे बादलीत. एका वेळी एकच.

आता माझी दुसरी लाडकी चूक, तो शाळेत गेल्यावर गुपचूप खोली साफ करून टाकणं. माझ्या नणंदेने हे केलं होतं, ते पण पोळ्याच्या आदल्या दिवशी. पोरगा सहावीत, तान्हा पोळ्याच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा) सजावट स्पर्धेसाठी लाकडी नंदीला रथ बनवत होता, पलंगाखाली खोक्यात पुठ्ठ्याची चाकं, बाटल्यांची झाकणं, जुन्या साडीची जर, थर्माकोलचे तुकडे, बघणाऱ्याला शुद्ध कचराच. नणंदबाई कामाच्या झपाट्यात, सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं अन् खोकं गाडीत. पोरगा घरी आला, बघितलं, रडला नाही, ओरडला नाही, बोलणंच बंद केलं. तान्हा पोळ्याला गल्लीतले सगळे पोट्टे आपापले नंदी घेऊन घरोघरी फिरले, हा दिवाणावर पालथा. अन् त्यानंतर वस्तू लपवायला लागला. आईच्या हाताला काही लागू नये म्हणून डब्बासुद्धा दप्तरातून काढेना, शेवटी दिवाणाच्या पेटीतून वास सुटला तेव्हा आत आलुबोंड्याला हिरवी बुरशी अन् मुंग्यांची रांग सापडली. साफसफाई करून घाण वाढली ती अशी. मला समजूत घालायला बोलावलं तर पोरगा एवढंच म्हणाला, "मामी, विचारलं असतं तर सांगितलं असतं ना." बरोबर होतं त्याचं. नणंदेला मी आधी सॉरी म्हणायला लावलं, "आई कधी सॉरी म्हणते का" करत होती, पण म्हणाली. मग एक मोठं खोकं ठेवलं बाल्कनीत, आईला जे जे कचरा वाटेल ते त्यात, अन् रविवारी काय फेकायचं ते पोरगा ठरवणार. खरकटं मात्र त्याच दिवशी बाहेर, त्यात चर्चा नाही.

बाकीच्या चुका पटापट. काकाच्या पोराशी तुलना, लगेच बंद. पाहुण्यांसमोर "आमचा राजा बघा कसा राहतो", त्याहून वाईट. घामाच्या वासावरून चिडवणं नको, या वयात शरीर बदलतं, वास येणारच, अंघोळ अन् धुतलेला बनियन एवढंच शांतपणे सांगा. झोप बघा, सहा ते बारा वर्षाच्या पोरांना 9 ते 12 तास लागते, रात्री बारापर्यंत मोबाईल बघणारं पोरगं सकाळी तुमचं काय डोंबल ऐकणार. फ्रिजवरचा स्टारचा तक्ता मला पटत नाही, स्टार संपले की काम संपलं. अन् प्रत्येक कामाचे पैसे देणाऱ्यांनी उद्या पोरगं पाण्याचा ग्लास आणायचे वीस रुपये मागेल तेव्हा माझ्याकडे येऊ नये.

काम द्यायचंच तर असं द्या की नाही केलं तर ते स्वतःच बोंबलेल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कुलर भरायचं काम एक नंबर. पाणी नाही भरलं की दुपारी गरम हवा, 45 डिग्रीत, आईला काही बोलावंच लागत नाही. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करणं पण त्याच्याकडेच द्या, डेंग्यूचे डास साठलेल्या पाण्यातच वाढतात हे त्याला सायन्समध्ये येतंच.

सोमवारी सुरू करून गुरुवारी "मॅडम, काही फरक नाही" म्हणणारे पालक लई झाले आता. सहा वर्षं सात हाकांची सवय तुम्हीच लावली, ती रील बघून चार दिवसात जाते का?

पण मागून हळूच "आईस्क्रीम खाणार का?" विचारल्यावरही वळला नाही, तर कान तपासून घ्या. अन् आधी बरा असलेला पोरगा अचानक जेवण टाळतोय, शाळेला जायचं नाही म्हणतोय, मित्र सोडलेत, तर पसाऱ्याचा विषय बाजूला ठेवा, क्लास टीचरशी बोला, मुलांच्या डॉक्टरकडे जा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास फ्री आहे, मराठीत बोलतात.