'बरं शे'वर जाऊ नका: बायपासनंतर दवाखाना कधी गाठायचा

हृदयाचं ऑपरेशन करून घरी आलेल्या आबांना "कसं शे?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "बरं शे", म्हणजे अहिराणीत बरं आहे. पाय सुजला तरी बरं शे, रात्री दम लागून उठून बसावं लागलं तरी बरं शेच. म्हणून घरच्यांनी विचारत बसण्यापेक्षा मोजावं आणि बघावं.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी वजन घ्या, कॅलेंडरवर लिहा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन-अडीच किलो वाढलं, तर ते अंगी लागलेलं जेवण नव्हे, अंगात साठलेलं पाणी असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ताटात शेवभाजी, पापड, लोणचं येऊन गेलं असेल तर तेही लपवू नका; मीठ पाणी धरून ठेवतं. विचारायचंच असेल तर "काल किती उशा घेऊन झोपलात?" असं विचारा. आडवं पडल्यावर दम लागतो म्हणून एकीच्या तीन झाल्या असतील तर थांबू नका. बायपाससाठी ज्या पायातली शीर काढली तो पाय थोडा सुजतोच, उंच ठेवला की उतरतो. पोटरी दुखून गरम लागली, तर मात्र दाखवा.

अंघोळीनंतर छातीचे टाके उजेडात बघा. खाज, बधिरपणा, खोकताना कळ येणं चालायचंच. लाली पसरणं, पू, टाका उसवणं किंवा 38 अंश सेल्सिअसवर ताप हे चालायचं नाही. कूस बदलताना छातीच्या हाडात 'कट्कट्' झालं, तरी दाखवा. ते हाड जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर पाण्याची कळशी नको आणि मोटारसायकल तर नकोच.

नाडी मिनिटभर मोजा. बायपासनंतर ठोक्यांची लय बिघडणं बऱ्याच जणांत आढळतं. धडधड सुरू झाली, ठोके उलटसुलट लागले, तर त्याच दिवशी ईसीजी काढा.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो. घाम आणि लघवीची गोळी एकत्र आली की उठताना चक्कर येते. गोळी मनानं बंद करू नका, तांब्यावर तांब्या पाणीही मनानं पिऊ नका. फोन करून विचारा.

हृदयात धातूची झडप बसवली असेल तर रक्त पातळ करणारी गोळी उपासाच्या दिवशीही चुकवायची नाही. शौच काळी झाली, लघवीत रक्त दिसलं किंवा नाकातलं रक्त थांबेना, तर लगेच दवाखाना.

आता 108 ची, म्हणजे रुग्णवाहिका बोलावायची वेळ. टाक्यांच्या दुखण्याहून वेगळं, छाती दाबल्यासारखं दुखणं, स्वस्थ बसूनही धाप, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, एका हाताची ताकद जाणं, बोबडी वळणं. यातलं एक जरी दिसलं तरी फोन लावा. ऑपरेशन नाशिकला किंवा मुंबईला झालं म्हणून तिकडची गाडी ठरवत बसणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. आधी जवळचं मोठं रुग्णालय गाठा. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. धडगाव-अक्कलकुव्याकडच्यांनी तर घाटातला वेळ धरून आणखी लवकर निघावं.

रात्री दोन वाजता ईसीजी कुठे निघतो, हे आजच विचारून ठेवा. डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची यादी एका पिशवीत घाला आणि ती दाराजवळच्या खुंटीला टांगा.