कोकणातील घरासाठी कपाटात बसणारी चिमणी निवडताना

स्वयंपाकघरातला धूर खेचणारी, शेगडीवरच्या कपाटात बसणारी चिमणी घ्यायला गेलेले गिऱ्हाईक दुकानात बहुधा आधी हवा खेचण्याची क्षमता विचारते. कोकणात मात्र त्याआधी ओट्यामागच्या भिंतीकडे पाहावे, कारण धूर कोणत्या वाटेने बाहेर जाणार हे ठरल्याशिवाय बाकीच्या चौकशीला फारसा अर्थ नसतो. जून ते सप्टेंबरपर्यंत पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येऊन दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींना झोडपतो. पाइपाचे तोंड त्या अंगाला काढले, तर वारा धूर उलटा आत लोटतो आणि पाणी मोटरपर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे जमेल तिथे ते पूर्वेला किंवा उत्तरेला काढावे, पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा आणि तोंडावर आपोआप मिटणारी झडप बसवावी. तिथे बारीक जाळी लावू नये; तेलकट वाफेने ती लवकर तुंबते. कौलारू घरात धूर माळ्यावर सोडून देण्याचा सोपा मार्ग कोणी सुचवला, तरी तो स्वीकारू नये, कारण वाशांवर तेलाचा थर चढतो आणि तो आगीला निमंत्रण देतो. चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडायचे असेल, तर ते फर्निचरच्या आधी पाडून घ्यावे आणि चिरा पाणी शोषत असल्यामुळे त्याच्या कडा सिमेंटने नीट बंद कराव्यात.

पाइप सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरचा, शक्यतो गुळगुळीत आणि कमीत कमी वळणांचा असावा. तो मध्येच चार इंची केला, की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते.

आता क्षमतेचा आकडा. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि नऊ फूट उंच स्वयंपाकघरात सुमारे २० घनमीटर हवा मावते. ती तासाला १० ते १२ वेळा बदलायची तर २०० ते २४० घनमीटर पुरतात. तरीही फोडणी आणि बांगडे तळण्याचा धूर एकदम उठतो, शिवाय पाइप आणि वळणे ओढ खातात, म्हणून तासाला ८०० ते १,००० घनमीटरची चिमणी घेणे योग्य ठरते. त्यापुढच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला तरी दिसत नाही. दुकानात चिमणीच्या ओढीने कागद चिकटलेला दाखवतात, त्यावरून घरातल्या पाइपासह ती कशी चालेल हे कळत नाही. रुंदी शेगडीपेक्षा कमी नको: दोन-तीन बर्नरना साधारण ६० आणि चारांना ७५ किंवा ९० सेंटिमीटर. शेगडीपासूनचे अंतर साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर ठेवतात. तरी त्या चिमणीच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा.

फिल्टरमध्ये बॅफल प्रकार आपल्या तळणाला मानवतो: वाकड्या पट्ट्यांमधून हवा झपकन वळते, तेल पट्ट्यांवर राहते आणि पट्ट्या गरम पाण्यात सोडा घालून धुता येतात. कोळशाचा फिल्टर लावून हवा आतच फिरवणारी चिमणी वाफ बाहेर टाकत नाही, त्यामुळे पावसाळ्यात आधीच दमट असलेल्या घरात ती टाळावी.

खाऱ्या हवेसाठी ३०४ प्रतीचे स्टील मागावे. चुंबक चिकटला नाही म्हणजे ते ३०४ असे समजू नये. स्वस्त २०२ लाही तो सहसा चिकटत नाही आणि त्यावर गंज लवकर धरतो, म्हणून प्रत बिलावर लिहून घ्यावी. दिसणारा भाग स्टीलचा आणि कपाटात दडलेला सांगाडा रंगवलेल्या पत्र्याचा, असेही असते. त्याची चौकशी वेगळी करावी. वरच्या कपाटाला आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय वापरावा आणि मोटरसमोरची फळी स्क्रूने निघणारी ठेवायला सुताराला आधीच सांगावे, नाहीतर दुरुस्तीच्या वेळी कपाट फोडावे लागते.