स्टेनलेसची बंदूक काळी करताय? या चुका टाळा

नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत साध्या पोलादाचे जॉब (कामाला दिलेले सुटे भाग) ब्लॅकोडायझिंगला, म्हणजे गरम रसायनात काळे करायला, टाकले की काळेभोर होऊन परत येतात. त्यामुळे स्टेनलेसही तसंच होईल असा समज पसरतो. उन्हात चमकणाऱ्या नळीमुळे नेम धरताना डोळे दिपतात, म्हणून ती काळी करून हवी असते. मग धातू कोणता हे न बघताच रसायनाची बाटली शोधायला सुरुवात होते.

स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा धरतो आणि तो रसायनाला आतल्या लोखंडापर्यंत पोचू देत नाही. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १४० अंश सेल्सिअसच्या बाथमध्ये (द्रावणाच्या टाकीत) साध्या पोलादावर मॅग्नेटाइट या लोखंडाच्या ऑक्साइडचा काळा थर येतो. त्याच बाथमधून ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा तुकडा जवळजवळ जसाच्या तसा बाहेर येतो.

म्हणून आधी चुंबक लावून बघा. ३०४ आणि ३१६ ला तो धरत नाही. वाकवलेल्या किंवा ओढलेल्या कडेवर किंचित धरतो, त्याला फसू नका. ४१०, ४१६, ४२० आणि १७-४ पीएच यांना तो चांगला धरतो, आणि बंदुकांच्या स्टेनलेस नळ्या बहुधा ४१६ च्या घराण्यातल्या असतात. दोन्ही गटांचे बाथ वेगळे असतात, त्यामुळे काम देताना नुसतं ‘स्टेनलेस आहे’ म्हणून भागत नाही, ग्रेड सांगावा लागतो.

डाग-डाग उठतात, रंग एकसारखा येत नाही

दोष सहसा धुण्यात असतो, बाथमध्ये नाही. जॉब डीग्रीझ करून (तेल-ग्रीस काढून) स्वच्छ पाण्यात बुडवा आणि तिरका धरा. पाण्याचा पडदा अखंड उतरला तर ठीक. कुठे पडदा फाटून थेंब जमले तर तिथे तेल शिल्लक आहे, आणि डाग नेमका तिथेच उठणार. त्यानंतर हातमोज्याशिवाय बोटही लावायचं नाही.

दुसरं कारण म्हणजे उशीर. आम्लाने पापुद्रा काढला आणि जॉब टेबलावर ठेवून चहा प्यायला गेलात तर पापुद्रा पुन्हा धरतो. जॉब ओला ठेवून लगेच बाथमध्ये गेला पाहिजे. आम्ल म्हणून हायड्रोक्लोरिक जास्त वेळ वापरू नका. क्लोराइडने स्टेनलेसला बारीक खड्डे पडतात आणि ते बुजत नाहीत.

काळं कापडाला लागतं

हा बाटलीतल्या कोल्ड ब्ल्यूचा, म्हणजे न तापवता चोळायच्या काळ्या रसायनाचा, नेहमीचा त्रास. त्यात सेलेनियम डायऑक्साइड आणि तांब्याचं लवण असतं. पृष्ठभागावर बसतो तो तांबे-सेलेनियमचा पातळ लेप, ऑक्साइड नव्हे. स्टेनलेसवर तो आधीच धड धरत नाही, होल्स्टरमध्ये (बंदुकीच्या म्यानात) घासला की उतरतो आणि कधी तांबूस झाक मारतो. स्क्रूच्या डोक्यावरचा ओरखडा झाकायला ठीक. अख्ख्या नळीवर लावणं म्हणजे पैसे वाया, असं माझं स्पष्ट मत आहे.

गॅसच्या टॉर्चने निळं-काळं करण्याचे व्हिडिओही फार फिरतात. ४२५ ते ८६० अंशांच्या दरम्यान ३०४ सारख्या स्टेनलेसमधलं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकतं आणि गंजाला वाट मिळते. ४१६ किंवा १७-४ पीएचचं हीट ट्रीटमेंट बिघडतं. बंदुकीच्या दाब सोसणाऱ्या भागाला टॉर्च लावायचा नाही, विषय संपला.

टिकाऊ काळा हवा असेल तर सिरॅमिक कोटिंग किंवा पीव्हीडी (निर्वात कक्षात वाफेतून बसवलेला पातळ कठीण थर). सिरॅमिकचा थर सुमारे २५ मायक्रॉन असतो, म्हणजे एकमेकांवर घासणाऱ्या दोन भागांत मिळून ५० मायक्रॉनची जागा जाते. रेल (सरकण्याच्या खाचा) आणि आटे झाकले नाहीत तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, अडकते. पीव्हीडी दोन-चार मायक्रॉनचंच, पण खालचा ओरखडा जसाच्या तसा दाखवतं. सिरॅमिकसाठी आणि बऱ्याचदा पीव्हीडीसाठीही आधी ब्लास्टिंग (बारीक कणांचा जोरदार मारा) होतं आणि तिथली मीडिया, म्हणजे ते कण, साध्या पोलादावर वापरलेली नसावी. लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि पहिल्याच पावसात तपकिरी ठिपके उठतात. ‘स्टेनलेस असून गंजलं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघतं.

गरम कॉस्टिकच्या टाकीत अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम गेली तर ती विरघळते आणि हायड्रोजन सुटतो. दुनळीच्या नळ्यांमधली पट्टी शिशा-कथिलाच्या सोल्डरने जोडलेली असेल तर ती सुटते. उकळत्या बाथमध्ये पाणी ओतू नका, ते अंगावर उडतं. स्टेनलेसच्या काही बाथमध्ये डायक्रोमेट असतं, त्यातलं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. ते धुतलेलं पाणी गटारात सोडलं तर नंदिनी नदीतून गोदावरीत जाणार.

आणि कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. ओळखीचा प्लेटिंगवाला कितीही हुशार असला तरी बंदूक किंवा तिचा मुख्य भाग त्याच्याकडे ठेवून येऊ नका, परवानाधारक शस्त्र विक्रेत्यामार्फतच काम करून घ्या. कलम ८ ओळखचिन्ह पुसायला मनाई करतं, म्हणून ब्लास्टिंगआधी क्रमांकावर मास्किंग (झाकणारी पट्टी) आहे का ते स्वतः बघा आणि आधीचा फोटो काढून ठेवा. जाड कोटिंगने क्रमांक बुजला तर बंदूक परत घेऊ नका, लेप काढून पुन्हा करून मागा.