वर्गात नोट्स कशा काढाव्यात: तास बघून पद्धत निवडा

परीक्षा तोंडावर आली की नाशिकच्या कॉलेज रोडवर दुसऱ्याच्या वह्या झेरॉक्स करायला पोरांची झुंबड उडते. पण त्या वहीतला बाण कुठून कुठे जातो, हे ज्याने काढला त्यालाच ठाऊक! तेव्हा वही स्वतःचीच हवी.

१. तासाआधी पान आखा. ही कॉर्नेल पद्धत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी ती रूढ केली. डावीकडे साधारण सहा सेंमीचा समास सोडा, खाली पाच सेंमीची पट्टी. उरलेल्या मोठ्या चौकटीत तासाला लिहायचं. समास तेव्हा कोराच ठेवा.

२. ऐका, मग लिहा. सरांचं वाक्यन्‌वाक्य उतरवू नका. हात चालतो आणि डोकं थांबतं. इतिहासाच्या तासाला एवढं पुरे: ‘२ मार्च १९३०, काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू. डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड. १३ ऑक्टो. १९३५, येवला: धर्मांतराची घोषणा.’ काही निसटलं तर ओळ कोरी सोडा, तास संपल्यावर शेजाऱ्याला विचारा.

३. विषय बदलला की पद्धत बदला. भूगोलाला माइंड मॅप, म्हणजे मुद्द्यांच्या फांद्यांचा नकाशा काढा: मधोमध वर्तुळात ‘गोदावरी’, एका फांदीवर उगम ब्रह्मगिरी, दुसरीवर दारणा, कादवा, प्रवरा, तिसरीवर गंगापूर आणि जायकवाडी धरणं. एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारणाऱ्या सरांच्या तासालाही हाच कामाला येतो. मुद्देसूद शिकवणाऱ्यांकडे मुद्दा, उपमुद्दा अशी उतरंड. वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी अशी तुलना असेल तर सरळ तक्ता. गणिताला यातलं काहीच नको. फळ्यावरची पायरी उतरवा आणि शेजारी ‘हे का केलं’ तेवढं लिहा.

४. त्याच संध्याकाळी समास भरा. खरा अभ्यास इथे होतो, आणि बहुतेक जण नेमकं हेच टाळतात. शिकलेलं सुरुवातीलाच सर्वांत झपाट्याने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडलं होतं. समासात प्रश्न लिहा: ‘सत्याग्रहापासून येवल्यापर्यंत काय बदललं?’ खालच्या पट्टीत दोन ओळींत सारांश. मग उजवी बाजू हाताने झाकून उत्तर द्या. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाहून सिन्नरच्या बसमध्ये खिडकी मिळाली तर तिथेही जमतं. फक्त मोठ्याने बोलू नका, शेजारचे काका वळून बघतात.