पळताना पाणी किती प्यावे?
मुंबईच्या दमट हवेत मॅरेथॉनचा सराव करताना नेमके किती पाणी प्यावे, हा प्रश्न हौशी धावपटूंना सतावतो. त्यासाठी तासभर धावायला निघण्यापूर्वी लघवीला जाऊन कमीत कमी कपड्यांत वजन करावे आणि परतल्यावर अंग पुसून, घामाने भिजलेले कपडे उतरवून त्याच काट्यावर पुन्हा करावे. १ किलोची घट म्हणजे साधारण १ लिटर घाम. वाटेत प्यायलेले पाणी त्यात मिळवले की तासाचा हिशेब हाती येतो. स्पर्धा जानेवारीत असल्यास ऑक्टोबरच्या उकाड्यातील आकडा फसवा ठरतो, म्हणून थंडीत पुन्हा मोजावे. मात्र गेलेल्या घामापेक्षा जास्त पाणी पिऊ नये. त्याने रक्तातील सोडियम घटून प्रसंगी जिवावर बेतू शकते.